‘टेबलावर’ आणि ‘टेबलावरचं’ : प्रिपोझिशनल फ्रेज मराठीच्या मदतीने कशी पकडायची

प्रश्न थोडक्यात असा होता : “माझं सगळं शिक्षण मराठी मीडियममधून झालंय, आता बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करतेय. प्रिपोझिशनल फ्रेजची व्याख्या पाठ आहे पण वाक्यात ती कुठे सुरू होते कुठे संपते तेच दिसत नाही, चूक शोधा टाइपच्या प्रश्नात कर्ता कुठला हे कळत नाही, आणि इन, ऑन, अ‍ॅट अंदाजपंचे टाकते. क्लासमध्ये सांगतात मराठी डोक्यातून काढून टाका, इंग्रजीत विचार करा. ते जमवायचं कसं?”

मी वीसेक वर्षं मराठी मीडियमच्या मुलांना इंग्रजी व्याकरण शिकवतोय, त्यामुळे पहिलं उत्तर हेच, की मराठी काढून टाकू नका. या एका विषयात तर अजिबातच नको. प्रिपोझिशनल फ्रेजची, म्हणजे ‘ऑन द टेबल’सारख्या शब्दगटाची, रचना समजून घ्यायला तुमची मराठी जितकी कामाला येते तितकं कुठलंही जाडजूड पुस्तक येत नाही. हां, मराठी फसवते सुद्धा, पण ती दुसऱ्या ठिकाणी, म्हणजे नेमकं कुठलं प्रिपोझिशन निवडायचं तिथे. रचनेसाठी मराठीवर भरवसा ठेवायचा आणि निवडीच्या वेळी सावध राहायचं, हे दोन कप्पे वेगळे केले की अर्धा गोंधळ जातो.

आधी रचना बघू. ‘झाडाखाली’ हा शब्द घ्या. ‘झाड’ हे नाम, त्याला चिकटलेलं ‘खाली’ हे शब्दयोगी अव्यय. इंग्रजीत तेच ‘अंडर द ट्री’. आपण नामाच्या मागे चिकटवतो, ते पुढे ठेवतात, म्हणून तर त्याला ‘प्रि’पोझिशन म्हणतात. मधे कितीही शब्द घुसले तरी हरकत नाही, ‘अंडर द बिग ओल्ड बनियन ट्री’ ही सुद्धा एकच फ्रेज. प्रिपोझिशनपासून सुरू करायचं आणि ते ज्या नामासाठी आलंय त्या नामापाशी थांबायचं, बस्स. आत स्वतःचा कर्ता आणि क्रियापद असेल तर मात्र ती फ्रेज नाही, उपवाक्य झालं. ‘आफ्टर लंच’ ही फ्रेज, ‘आफ्टर वी एट लंच’ हे उपवाक्य. मराठीत ‘जेवणानंतर’ आणि ‘आम्ही जेवल्यानंतर’ यात जो फरक आहे ना, तोच.

आता एक गोष्ट बघा जी शाळेत आपण मराठीच्या तासाला शिकतो आणि इंग्रजीच्या तासाला विसरून जातो. सामान्यरूप. ‘झाड’ला थेट ‘खाली’ लागत नाही, आधी ‘झाडा’ होतं मग ‘झाडाखाली’. शाळा–शाळेजवळ, मी–माझ्यासाठी, तो–त्याच्याबरोबर. म्हणजे अव्यय लागायच्या आधी नाम किंवा सर्वनाम आपलं रूप बदलतं. इंग्रजीत नामं आता बदलत नाहीत. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत नामांनाही विभक्तीचे प्रत्यय होते, ते पुढे झिजून गेले आणि त्यांचं बरंचसं काम प्रिपोझिशनच्या अंगावर पडलं. पण सर्वनामांत ती जुनी खूण अजून शिल्लक आहे. ‘आय’चं ‘मी’ (इंग्रजी me), ‘ही’चं ‘हिम’, ‘शी’चं ‘हर’, ‘वी’चं ‘अस’, ‘दे’चं ‘देम’. हेच त्यांचं सामान्यरूप समजा. म्हणून ‘बिटवीन यू अँड आय’ चूक आणि ‘बिटवीन यू अँड मी’ बरोबर. मराठीत ‘तुझ्या आणि मी मध्ये’ असं कोणी म्हणेल का? कानालाच खटकतं. इंग्रजीत कान तयार नसतो म्हणून नियम लागतो, पण मुद्दा तोच आहे.

क्रियापदाचंही तसंच. ‘करणे’ला ‘साठी’ लावायचं तर आधी ‘करण्या’ होतं, मग ‘करण्यासाठी’. ‘गाणे’चं ‘गाण्यात’. क्रियापद आधी नामासारखं होतं आणि मग त्याला अव्यय लागतं. इंग्रजीत हे नामासारखं होणं म्हणजे ‘इंग’ लागणं. ‘गुड अ‍ॅट सिंगिंग’, ‘आफ्टर रीडिंग’, ‘विदाउट आस्किंग’. प्रिपोझिशननंतर क्रियापद आलं की इंग हवंच. आता इथे सगळ्यात जास्त मार्क कुठे जातात सांगतो, ‘टू’वर. कारण ‘टू’ दोन प्रकारचा असतो. ‘आय वाँट टू मीट यू’ मधला ‘टू’ प्रिपोझिशन नाही, तो क्रियापदाच्या मूळ रूपाबरोबर येणारा. पण ‘आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’ मधला ‘टू’ प्रिपोझिशन आहे. ओळखायचं कसं, तर ‘टू’च्या पुढचं सगळं झाकून तिथे ‘इट’ (it, म्हणजे ‘ते’, खाण्याचं eat नव्हे) ठेवून बघा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू इट’ चालतं, म्हणजे प्रिपोझिशन, म्हणजे इंग लावा. ‘आय वाँट टू इट’ चालत नाही, म्हणजे साधं क्रियापद. नोकरीच्या अर्जाखाली ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’ असं लिहिलेलं मी इतक्या वेळा दुरुस्त केलंय की मोजदाद नाही, तिथे ‘हिअरिंग’ पाहिजे. ‘यूज्ड टू’चंही बघा, ‘आय अ‍ॅम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’ म्हणजे मला लवकर उठायची सवय आहे आणि ‘आय यूज्ड टू गेट अप अर्ली’ म्हणजे पूर्वी उठायचो. ‘इट’ ठेवून दोन्ही तपासा, लगेच कळेल.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, आणि इथे जरा रमणार आहे कारण मला स्वतःला हे समजलं तेव्हा शिकवायची पद्धतच बदलली.

पुस्तकात लिहिलेलं असतं की प्रिपोझिशनल फ्रेज दोन कामं करते, विशेषणाचं आणि क्रियाविशेषणाचं. मुलं पाठ करतात. मग ‘ऑन द टेबल’ दिलं की विचारतात सर हे विशेषण का क्रियाविशेषण, आणि त्याला उत्तरच नसतं, कारण ती फ्रेज दोन्ही असू शकते, वाक्य बघावं लागतं. ‘द बुक ऑन द टेबल इज माइन’ मधे विशेषण, ‘आय केप्ट द बुक ऑन द टेबल’ मधे क्रियाविशेषण. इंग्रजीत दोन्हीकडे शब्द तेच, अक्षराचाही फरक नाही. इंग्रजी मुलांनाही हे शिकवावं लागतं. पण मराठीत बघा. पहिलं वाक्य : ‘टेबलावरचं पुस्तक माझं आहे’. दुसरं : ‘मी पुस्तक टेबलावर ठेवलं’. एकात ‘वरचं’, एकात ‘वर’. आपली भाषा विशेषणाचं काम करणाऱ्या फ्रेजवर शिक्काच मारते, चा-ची-चं चा शिक्का! ‘कोपऱ्यातली खुर्ची’ पण ‘खुर्ची कोपऱ्यात ठेव’. ‘मुलांसाठीची पुस्तकं’ पण ‘मुलांसाठी पुस्तकं आणली’. ‘साताऱ्याचा मुलगा’ पण ‘मुलगा साताऱ्याहून आला’. कधी चा ऐवजी ‘ला-ली-लं’ दिसतं, कधी ‘वाला’ येतं, ‘द मॅन विथ द अम्ब्रेला’ म्हणजे छत्रीवाला माणूस, कधी ‘छत्री घेतलेला’, पण काहीतरी नामाला जुळणारं, लिंग-वचन बदलणारं रूप येतंच. तेव्हा इंग्रजी वाक्य समोर आलं की मनात पटकन मराठी करा, आणि बघा की त्या फ्रेजला लिंग-वचनाप्रमाणे बदलणारा शेवट लागतोय का. लागला तर विशेषण, नाही लागला तर बहुतेक वेळा क्रियाविशेषण. एवढी सोपी कसोटी इंग्रजी माणसाकडे नाही.

याचा उपयोग फक्त नाव द्यायला नाही. विशेषणाचं काम करणारी फ्रेज इंग्रजीत ज्या नामाबद्दल आहे त्याच्या अगदी पाठीला पाठ लावून बसते, क्रियाविशेषणवाली मात्र पुढे-मागे फिरू शकते. ‘इन द मॉर्निंग आय ड्रिंक टी’ आणि ‘आय ड्रिंक टी इन द मॉर्निंग’ दोन्ही चालतं. पण ‘द क्लार्क गेव्ह फॉर्म्स टू द स्टुडंट्स विथ फोर पेजेस’ असं लिहिलंत तर चार पानं विद्यार्थ्यांना लागली. तुम्हाला म्हणायचं होतं चार पानांचे फॉर्म, ‘पानांचे’ मधे ‘चे’ आहे, म्हणजे फ्रेज ‘फॉर्म्स’ला चिकटायला हवी : ‘द क्लार्क गेव्ह फॉर्म्स विथ फोर पेजेस टू द स्टुडंट्स’.

आणि काही वाक्यं तर खरंच दोन अर्थांची असतात. ‘द ओल्ड मॅन स्केअर्ड द बॉय विथ द स्टिक’. म्हाताऱ्याने काठीने मुलाला घाबरवलं, की काठीवाल्या मुलाला घाबरवलं? इंग्रजी वाक्यावरून सांगता येत नाही, मागचा-पुढचा संदर्भ लागतो. मराठीत मात्र बोलणाऱ्याला ठरवावंच लागतं, ‘काठीने’ म्हणायचं का ‘काठीवाल्या’. उताऱ्यावरच्या प्रश्नांत असं वाक्य आलं तर दोन्ही मराठी वाक्यं मनात करून बघायची आणि कुठलं बसतंय ते पुढच्या ओळीत शोधायचं.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे उलटा क्रम. मी फळ्यावर एक वाक्य लिहितो : ‘आमच्या घरामागच्या चिंचेच्या फांदीवर घुबड बसलंय’. मग प्रत्येक तुकड्यावर आकडा. आमच्या घरा १, मागच्या २, चिंचे ३, च्या ४, फांदी ५, वर ६. आता उलटं वाचा, ६ पासून : ऑन, अ ब्रँच, ऑफ, द टॅमरिंड ट्री, बिहाइंड, अवर हाउस. ‘ऑन अ ब्रँच ऑफ द टॅमरिंड ट्री बिहाइंड अवर हाउस’. झालं की भाषांतर! अगदी आरशात बघितल्यासारखं. ‘आमच्या घरा’ एवढा आतला तुकडा सुलटा राहतो, बाकी सगळी साखळी उलटी. एकदा एक मुलगी, गावाकडून रोज एसटीने यायची, शेवटच्या बाकावर बसायची, वर्षभरात एक शब्द बोलली नव्हती, तिने हे आकडे बघितले आणि स्वतःहून वहीत आपल्या गावाचं लिहून आणलं : जुन्नर तालुक्यातल्या एका गावातल्या शाळेतली मुलं, ‘द चिल्ड्रन इन अ स्कूल इन अ व्हिलेज इन जुन्नर तालुका’. तीन ‘इन’ ओळीने आले म्हणून तिला वाटलं चुकलं असेल. चुकलं नव्हतं, साखळी अशीच असते. मराठीत आपण लांबून सुरू करून वस्तूपाशी येतो, इंग्रजी वस्तूपासून सुरू करून लांब जातं. लांब इंग्रजी वाक्य वाचताना धाप लागते त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, शब्द अवघड नसतात, आपण सुरुवातीपासून मराठी करायला जातो आणि अडकतो. शेवटच्या फ्रेजपासून मागे या.

हे असं का, तर तो योगायोग नाही. जोसेफ ग्रीनबर्ग या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने ३० भाषांची तुलना केली होती, १९६३ साली ती छापून आली, त्यात दिसतं की ज्या भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं त्यांच्यात हे अव्ययही जवळजवळ नेहमी नामाच्या मागे लागतं. जपानी, तुर्की, आपल्या शेजारची कन्नड, सगळ्या तशाच. मराठीही या बाबतीत तशीच. इंग्रजीत क्रियापद कर्माच्या आधी येतं तसं प्रिपोझिशनही नामाच्या आधी. म्हणजे तुम्ही चुकीच्या पद्धतीने विचार करत नाही, दुसऱ्या बाजूने करताय एवढंच.

आता तुमचा कर्ता शोधायचा प्रश्न. नियम एका ओळीचा आहे : प्रिपोझिशनल फ्रेजच्या आतलं नाम कधीही वाक्याचा कर्ता नसतं. ‘द बॉक्स ऑफ मँगोज इज ऑन द फ्लोअर’. कर्ता बॉक्स. मुलं ‘आर’ लिहितात, कारण क्रियापदाच्या शेजारी ‘मँगोज’ बसलेत आणि कान शेजारच्याचं ऐकतो. पण मराठीत ‘आंब्यांची पेटी जमिनीवर आहे’ म्हणताना ‘आहेत’ म्हणणारा एकही मुलगा मला भेटला नाही. का? कारण मराठीत ‘आंब्यांची’ आधी आणि मुख्य नाम ‘पेटी’ त्याच्या नंतर, क्रियापदाच्या बाजूला येतं. इंग्रजीत उलट क्रमामुळे मुख्य नाम लांब राहतं आणि फ्रेजचं शेपूट मधे येतं. तेव्हा पेन्सिलीने शेपूट कापा. ‘द कंडिशन ऑफ द रोड्स इन दीज व्हिलेजेस ... बॅड’, ‘ऑफ द रोड्स’ खोडा, ‘इन दीज व्हिलेजेस’ खोडा, उरलं ‘द कंडिशन’, म्हणून ‘इज’. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज इन नागपूर’, ‘लिव्ह’ नाही, कारण कर्ता ‘वन’. ‘द टीचर, अलाँग विथ हर स्टुडंट्स, वॉज प्रेझेंट’, तिथेही ‘अलाँग विथ’पासून सगळं कापायचं.

अपवाद आहेत, लपवत नाही. सम, मोस्ट, ऑल, हाफ, ‘अ लॉट’ अशा प्रमाण सांगणाऱ्या शब्दांनंतर ‘ऑफ’ आला तर आतलं नाम बघूनच क्रियापद ठरतं. ‘सम ऑफ द मिल्क इज स्पॉइल्ड’, पण ‘सम ऑफ द बॉइज आर अ‍ॅबसेंट’. आणि ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर’ पण ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स इज’, पहिल्याचा अर्थ बरेच विद्यार्थी आणि दुसऱ्याचा अर्थ विद्यार्थ्यांची संख्या, मराठी केलं की इथेही कर्ता आपोआप समोर येतो. अजून एक फसवा प्रकार म्हणजे फ्रेज वाक्याच्या सुरुवातीला आणून कर्ता मागे ढकलायचा, ‘ऑन द वॉल हँग टू फोटोग्राफ्स’. सुरुवातीला ‘वॉल’ दिसली म्हणून ‘हँग्ज’ करायचं नाही. भिंतीवर काय आहे, दोन फोटो, ते कर्ता.

इथपर्यंत मराठीने साथ दिली. आता जिथे ती फसवते तिकडे.

मराठीतलं एकेक अव्यय किंवा प्रत्यय इंग्रजीतल्या चार-पाच प्रिपोझिशनचं काम करतो, आणि आपण त्यातलं एकच लक्षात ठेवलेलं असतं. ‘वर’ म्हणजे ऑन, हे पहिलीत शिकलो, मग ‘ती माझ्यावर रागावली’चं ‘अँग्री ऑन मी’ होतं. तिथे ‘अँग्री विथ मी’ लागतं. ‘ते माझ्यावर हसले’, ‘लाफ्ड अ‍ॅट मी’. ‘माझ्यावर विश्वास’, ‘फेथ इन मी’. ‘डोक्यावरून विमान गेलं’, ‘ओव्हर’. ‘ने’चंही तसंच. ‘शिंप्याने कात्रीने कापड कापलं’ यात दोनदा ‘ने’ आहे, पण पॅसिव्ह करताना शिंप्याला ‘बाय’ आणि कात्रीला ‘विथ’. काम करणारा माणूस बाय, हातातलं हत्यार विथ. भीतीने थरथरणं ‘विथ फिअर’, चुकीने ‘बाय मिस्टेक’, रेल्वेने ‘बाय ट्रेन’, पण भावाच्या गाडीने गेलात तर ‘इन माय ब्रदर्स कार’, कारण ‘बाय’नंतर वाहनाचं नाव एकटं लागतं, त्याला अ, द, माय काही चालत नाही.

‘पर्यंत’ हा तर सगळ्यात चोर. ‘शुक्रवारपर्यंत ऑफिस बंद आहे’ आणि ‘शुक्रवारपर्यंत फॉर्म भरा’, मराठीत दोन्हीकडे पर्यंत. इंग्रजीत पहिल्याला ‘टिल फ्रायडे’ आणि दुसऱ्याला ‘बाय फ्रायडे’. बंद असणं शुक्रवार येईपर्यंत चालूच राहतं. फॉर्म भरणं एकदाच होतं, शुक्रवार ही त्याची मुदत. ‘सबमिट द फॉर्म टिल फ्रायडे’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल रोज भरत बसायचंय. कसोटी अशी, की ‘पर्यंत’ काढून ‘च्या आत’ घालून बघा. ‘शुक्रवारच्या आत फॉर्म भरा’ चालतं, मग ‘बाय’. ‘शुक्रवारच्या आत ऑफिस बंद आहे’ हे काही चालत नाही, मग ‘टिल’. आणि ‘स्टेशनपर्यंत चालत गेलो’ हे अंतर झालं, तिथे ‘अ‍ॅज फार अ‍ॅज द स्टेशन’.

‘पासून’ दुसरा. ‘दोन वर्षांपासून इथे काम करतोय’ म्हणून ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स’, हे तर मोठमोठ्या ऑफिसांत रोज ऐकू येतं. ‘सिन्स’ला कॅलेंडरवर बोट ठेवता येईल असा क्षण लागतो : सिन्स मंडे, सिन्स दिवाळी, सिन्स २०१९. ‘दोन वर्षं’ यावर बोट ठेवता येत नाही, तो कालावधी आहे, त्याला ‘फॉर’. शिवाय क्रियापदही बदलतं : ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स’.

आता ‘डिस्कस अबाउट’. मराठीत ‘विषयी चर्चा करणे’ म्हणून आपण ‘अबाउट’ लावतो. पण इंग्रजीत ‘डिस्कस’च्या पोटातच ‘विषयी’ आहे, ‘वी डिस्कस्ड द प्रॉब्लेम’ एवढंच. यात काही छान जोड्या आहेत, त्या वहीत उतरवून घ्या : क्रियापदाला काही लागत नाही पण त्याच्याच नामाला लागतं. ‘डिस्कस द प्रॉब्लेम’ पण ‘अ डिस्कशन अबाउट द प्रॉब्लेम’. ‘रिक्वेस्ट लीव्ह’ पण ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’. ‘एम्फसाइझ धिस पॉइंट’ पण ‘एम्फसिस ऑन धिस पॉइंट’. ‘एंटर द रूम’ पण ‘एंट्री इनटू द रूम’. ‘आन्सर द क्वेश्चन’ पण ‘द आन्सर टू द क्वेश्चन’. नामाच्या शेजारी असलेलं प्रिपोझिशन क्रियापदाकडे सरकतं आणि चूक होते, आणि परीक्षेत हे फार लाडकं आहे. याउलट ‘मला समजाव’चं ‘एक्सप्लेन मी’ होतं, तिथे ‘टू’ लागतो, ‘एक्सप्लेन इट टू मी’. ‘त्याला सांगितलं’ला मात्र ‘टोल्ड हिम’, ‘टू’ नको. ‘पुण्याला पोचलो’, ‘रीच्ड पुणे’, तिथेही नको. ‘त्याच्याशी लग्न केलं’ हे ‘मॅरीड हिम’, आणि लग्न झालेली आहे म्हणायचं तर ‘मॅरीड टू हिम’, ‘विथ’ कुठेच नाही.

इन, ऑन, अ‍ॅटचं फार मोठं प्रकरण करायची गरज नाही. वेळेसाठी : घड्याळाला अ‍ॅट, दिवसाला किंवा तारखेला ऑन, त्याहून मोठ्याला, महिना, वर्ष, ऋतू, इन. ‘इन द मॉर्निंग’ पण ‘अ‍ॅट नाइट’, आणि दिवसाचं नाव आलं की दिवसच जिंकतो, ‘ऑन मंडे मॉर्निंग’. नेक्स्ट, लास्ट, धिस, एव्हरी यांच्या आधी काहीच नाही, ‘ऑन नेक्स्ट मंडे’ म्हणू नका. जागेसाठी मराठीत एक सुंदर फरक आहे जो आपण वापरतो पण लक्षात घेत नाही : ‘घरी’ आणि ‘घरात’. ‘मी घरी आहे’ म्हणजे ठिकाण सांगतोय, ‘अ‍ॅट होम’. ‘मी घरात आहे’, म्हणजे अंगणात नाही, चार भिंतींच्या आत, ‘इन द हाउस’. अ‍ॅट आणि इनचा आत्मा एवढाच आहे, ठिपका आणि पोट. आणि वाहनांसाठी, ज्यात उभं राहून चालता येतं ते ऑन, बस, ट्रेन, विमान, ज्यात वाकून बसावंच लागतं ते इन, कार, रिक्षा. आंबे ‘ऑन द ट्री’ पण पोपट ‘इन द ट्री’, कारण पोपट पानांच्या आत येऊन बसलाय आणि आंबा झाडालाच लागलेला.

एक शंका बरेच जण काढतात की ‘टर्न्ड ऑफ (off) द लाइट’ मधे ‘ऑफ द लाइट’ ही प्रिपोझिशनल फ्रेज आहे का. नाही. ‘इट’ मधे घालून बघा, ‘टर्न्ड इट ऑफ’ चालतं, म्हणजे ‘ऑफ’ क्रियापदाचा भाग आहे, फ्रेजल व्हर्ब. ‘ही टर्न्ड ऑफ द हायवे’ मधे तसं हलवता येत नाही, तिथे ‘ऑफ द हायवे’ खरी फ्रेज, हायवेवरून वळला. आणि वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन चालत नाही असं कोणी सांगितलं असेल तर घाबरू नका. हा आक्षेप इंग्रज कवी ड्रायडनने १६७२ मधे नाटककार बेन जॉन्सनच्या लिखाणावर घेतला होता आणि पुढे शाळांनी तो नियम केला. ‘हूम आर यू वेटिंग फॉर’ हे अगदी चांगलं इंग्रजी आहे, आणि ‘फॉर’चं नाम ‘हूम’ पुढे गेलंय म्हणून ते एकटं मागे राहिलंय, एवढंच समजून घ्या.

सराव म्हणाल तर रोज पेपरातला एकच परिच्छेद घ्या, प्रत्येक फ्रेजला कंस करा, बाजूला मराठी लिहा आणि चा-ची-चं खाली रेघ मारा. प्रिपोझिशन एकटं पाठ करू नका, शेजाऱ्यासकट लिहा, ‘अँग्री विथ’, ‘मॅरीड टू’, ‘अफ्रेड ऑफ’. महिनाभरात कान तयार व्हायला लागतो, मी बघितलंय.

सुरुवात या वाक्याने करा, आपण बरोबरच सोडवू : ‘द लिस्ट ऑफ कँडिडेट्स फ्रॉम रूरल एरियाज हॅज बीन पुट अप ऑन द बोर्ड निअर द गेट’. मराठी करा : ‘ग्रामीण भागातल्या उमेदवारांची यादी गेटजवळच्या बोर्डावर लावलीय’. ‘भागातल्या’, ‘उमेदवारांची’, ‘गेटजवळच्या’, तिघांवर शिक्का आहे, म्हणजे ‘फ्रॉम रूरल एरियाज’, ‘ऑफ कँडिडेट्स’ आणि ‘निअर द गेट’ विशेषणं, आणि तिन्ही आपापल्या नामाच्या पाठीशी बसलीत. ‘बोर्डावर’ला शिक्का नाही, म्हणजे ‘ऑन द बोर्ड’ क्रियाविशेषण, यादी कुठे लावली ते सांगतंय. ‘पुट अप’ मधला ‘अप’ क्रियापदाचा, त्याला सोडून द्या. आणि ‘हॅज’ का, ‘हॅव’ का नाही? मराठीत तुम्ही ‘लावलीय’ म्हणालात, ‘लावलेत’ नाही म्हणालात, कारण कर्ता ‘यादी’ आहे हे तुम्हाला आधीच माहीत होतं.